गुरुजींचं रक्त

"पहिलं नाव गुरुजींचं," मी माइकवर म्हणाले. "नंदेश्वर गुरुजी, पुढे या. अध्यक्षांनी तपासणीला बोट दिलं की वस्ती देईल."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "हाव, आधी गुरुजी!" आणि सतरंज्यांवर हसू पसरलं.

गुरुजी बुद्धमूर्तीच्या शेजारी त्यांच्या ठरलेल्या खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, खिशाला दोन पेनं. ते उठले नाहीत.

"माझं काय तपासता बाई," ते म्हणाले, "माझं आता उरलं किती? तरुणांचं तपासा. लग्नाच्या पोरापोरींचं तपासा."

"तरुण तुमच्याकडेच पाहून राहिलेत, गुरुजी."

ते खरं होतं. वर्षावासातला रविवार होता. धानाची रोवणी आटोपलेली, शेतात फारसं काम नाही, म्हणून वंदनेला आणि ग्रंथवाचनाला अख्खी वस्ती आली होती. आमच्या डॉक्टर बोदेले मॅडमचा हाच हिशोब होता. दवाखान्यात कुणी येत नाही, विहारात सगळे येतात. मग तपासणी विहारातच करायची. भंडारा जिल्ह्यात गावोगाव आम्ही असे फिरत होतो. पण या गावाचं नाव यादीत मी घालून घेतलं होतं. हे माझं गाव. मी किसन टेंभुर्णेची धाकटी मुलगी, संघमित्रा.

येताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या होत्या, "निकाल ज्याचा त्याच्या कानात. माइकवर कधीच नाही. तुला हे मी शिकवायची गरज नाही."

"नाही मॅडम," मी म्हणाले होते.

त्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत होती. मी काय ठरवून चालले होते, ते माहीत नव्हतं.

मी नववीत असताना याच विहारात पहिल्यांदा सिकलसेलची तपासणी झाली. मोठ्या कॉलेजातले डॉक्टर आले होते. त्यांनी एका रविवारी रक्त घेतलं आणि दुसऱ्या रविवारी निकाल आणले. ते एकेकाला बाजूला बोलावून सांगणार होते, पण गुरुजींनी माइक हातात घेतला. "ही माझी माणसं आहेत. मीच सांगतो," म्हणाले. तेव्हा ते शाळेत हेडमास्तर होते आणि विहाराचे अध्यक्षही. त्यांच्या शब्दापुढं कोण बोलणार!

माझ्या मोठ्या बहिणीचं, आमूताईचं, साक्षगंध त्यांच्या मुलाशी झालेलं होतं. धम्मपाल त्याचं नाव. ताई वीस वर्षांची होती. त्या दिवशी ती होणाऱ्या सासूनं दिलेली पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसली होती, कारण आता ती अध्यक्षांची सून होणार होती.

"आम्रपाली किसन टेंभुर्णे," गुरुजी माइकवर म्हणाले. "हिच्या रक्तात सिकलसेलचा दोष आहे."

मग ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नंदेश्वरांच्या घरात हे रक्त येणार नाही. साक्षगंध मोडलं असं समजा."

बाबा उठून उभे राहिले. "गुरुजी, घरी बसून बोलू."

"घरी कशाला? सगळ्यांना कळलं पाहिजे. यालाच जनजागृती म्हणतात, किसनराव."

त्या कॉलेजातल्या डॉक्टरांपैकी एक तरुण माणूस सांगत राहिला, की मुलगी नुसती वाहक आहे, तिला काहीही आजार नाही, मुलाला पुढच्या रविवारी तपासणीला आणा, त्याच्यात नसेल तर काळजीचं कारणच नाही. त्याच्या हातात माइक नव्हता. पुढचा रविवार आलाच नाही. गुरुजींनी त्यांना परत बोलावलं नाही.

त्यानंतर लोक सिकलसेलला खरजेसारखं समजू लागले. लग्नाच्या घरी आमूताईला पीठ मळू देईनात. लाखांदूरकडचं एक स्थळ आलं, चहा पिऊन बसलं, शेजारी कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि कप खाली ठेवून निघून गेलं. पुढं स्थळं यायचीच बंद झाली. ताईनं शिलाई मशीन घेतली. वस्तीतल्या बायका ब्लाउज शिवायला तिच्याकडेच द्यायच्या, पण मुलाच्या लग्नाची गोष्ट निघाली की आवाज खाली करायच्या. विहारात तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. बाबा गेले तेव्हा विहारात पुण्यानुमोदन झालं, तेव्हाही ती दारातूनच परतली.

धम्मपालचं लग्न सहा महिन्यांत झालं. देसाईगंजची मुलगी. वनमाला. तिचं रक्त कुणी तपासलं नाही.

आणि मी रक्त तपासायला शिकले. बारावीनंतर मुद्दाम प्रयोगशाळेचा कोर्स केला. लोक म्हणत, बहिणीसाठी शिकली. तेही खोटं नव्हतं. पण मी शिकत होते ती त्या माणसाच्या बोटासाठी. कारण मध्यंतरी आई फोनवर सांगायची, धम्मपालची पोरगी सारखी रडते, हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात, गुरुजी तिला तेल चोळतात, वात म्हणतात. मी कोर्सच्या पहिल्याच वर्षी समजले होते, ते काय आहे. हा आजार लेकराला नुसता आईकडून येत नाही. आई आणि बाप, दोघांकडून येतो तेव्हाच होतो. म्हणजे धम्मपालमध्ये होतं. आणि धम्मपालमध्ये ते त्याच्या आईकडून आलं असेल, नाहीतर बापाकडून.

त्याची आई वारलेली होती. बाप समोर खुर्चीवर बसला होता.

"या, गुरुजी," मी पुन्हा म्हणाले.

शेवटी ते उठले. माझ्या टेबलासमोर बसले. मी हातमोजे घातले. मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी डावा हात पुढं केला आणि करंगळीजवळचं बोट तेवढं सरळ धरलं. मी टोचलं. थेंब घेतला. मी कापसाकडं हात नेते तोवर त्यांनी तो स्वतःच उचलला, बोटावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

ते मला खटकलं. पण तेव्हा माझं लक्ष नळीकडे होतं.

काचेच्या छोट्या नळीत औषधी पाणी असतं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि थोडा वेळ थांबायचं. मग नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर काही नाही. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलसेल आहे. हजारो नळ्या मी अशा धरल्या होत्या आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायची, रेघा दिसू देत. त्या दिवशी मी पहिल्यांदा उलटं म्हणत होते. गढूळ हो. गढूळ हो.

गढूळ झाली.

मी नळी त्यांच्यासमोर धरली. टेबलापाशी आम्ही दोघंच होतो. लोक मागं सतरंज्यांवर, मॅडम दाराजवळ एका म्हाताऱ्याशी बोलत होत्या. गुरुजींनी नळीकडं पाहिलं. रेघांच्या कागदाकडं पाहिलं. मग उठायला लागले.

आजवर माझ्यासमोर बसलेल्या एकेका माणसानं विचारलेलं आहे, काय निघालं बाई? शिकलेल्यानं, अडाण्यानं, म्हातारीनं, सगळ्यांनी. कागद का धरता, पाणी असं का झालं. गुरुजींनी काहीच विचारलं नाही.

"बसा," मी म्हणाले.

ते बसले.

"तुम्हाला माहीत होतं."

"संघमित्रा, हळू बोल."

"कुठलं बोट द्यायचं ते माहीत होतं. कापूस कसा धरायचा ते माहीत होतं. नळी गढूळ झाली म्हणजे काय, तेही माहीत होतं. कुणी तपासलं होतं तुम्हाला?"

त्यांनी मागं वळून पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ते डॉक्टर आदल्या रात्री माझ्याकडेच उतरले होते. घरीच त्यांनी... माझं आधी घेतलं. अशीच नळी दाखवली. दुसऱ्या आठवड्यात पक्कं झाल्यावर कानात सांगितलं."

"निकाल वाचायच्या आधी?"

"आधी."

मी नळी स्टँडमध्ये ठेवली. इतकी वर्षं मला वाटायचं, हा माणूस अडाणीपणानं वागला. पुस्तकं वाचलेला, पण अडाणी. आता कळलं की तो मुळीच अडाणी नव्हता. मुलाला पुढच्या रविवारी आणा, असं त्या डॉक्टरनं म्हटलं होतं. मुलाला तपासलं असतं तर गोष्ट नंदेश्वरांच्या घरात आली असती. म्हणून त्यानं माइक हातात घेतला. म्हणून साक्षगंध तिथल्या तिथं मोडलं. आमूताईला सगळ्या वस्तीसमोर उभं केलं, आणि स्वतः तिच्या मागं लपला.

"झालं गेलं," गुरुजी म्हणाले. "तू आता शिकलेली आहेस. तुमच्यात निकाल गुप्त ठेवायचा नियम असतो ना?"

"असतो."

"मग?"

"मी पाळणार आहे. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

त्यांनी श्वास सोडला.

"तुमच्या तोंडून निघेल," मी म्हणाले.

मी माइक चालू केला.

"गुरुजींना तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत," मी म्हणाले आणि माइक त्यांच्या हातात दिला. देताना त्यांच्या कानाशी वाकले. "आज बोला. नाहीतर आमूताईला इथं घेऊन येते, आणि तिच्यासमोर बोला."

दाराजवळून मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्या निघाल्या, पण सतरंज्यांमधून वाट काढत यायला वेळ लागत होता.

गुरुजी उभे राहिले. सवयीनं घसा खाकरला. "उपासक आणि उपासिकांनो," ते म्हणाले, "आरोग्य हे सर्वात मोठं धन आहे. आपल्या समाजात या आजाराबद्दल गैरसमज आहेत. ते दूर झाले पाहिजेत. आपण विज्ञान मानणारे लोक आहोत..."

ते असं बराच वेळ बोलू शकत होते. आयुष्यभर तेच केलं होतं. मी बाजूला हात बांधून उभी राहिले.

तेवढ्यात बायकांमधून वनमाला उठली. मी तिला लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर थेट तेव्हाच. पार सुकून गेली होती. धम्मपाल भिलाईला कंपनीत. ही इथं सासऱ्याजवळ. सात वर्षांची पोरगी तिच्या कडेवर होती, एवढी मोठी असून, कारण त्या दिवशी तिला पाय टेकवत नव्हते.

"मामाजी," वनमाला म्हणाली, "तुमचं काय निघालं?"

गुरुजी थांबले.

"घरी सांगतो, सूनबाई."

"घरी कायले? इथंच सांगा ना. सगळे बसलेच हायत."

तिला काही माहीत नव्हतं. ती हे वाक्य कुठून बोलली कुणास ठाऊक. पण बाबांना गुरुजींनी तेव्हा नेमकं हेच उत्तर दिलं होतं.

"माझ्यात आहे," गुरुजी म्हणाले.

कुजबुज झाली. मागच्या रांगेतला कुणीतरी विचारायला लागला, काय आहे, काय आहे म्हणाले?

"सिकलसेल. माझ्या रक्तात आहे." आणि मग, कदाचित मी एक पाऊल पुढं आले म्हणून, ते म्हणाले, "मला आधीपासून माहीत होतं."

"आधीपासून म्हंजे कवापासून?" वनमालानं विचारलं.

"पहिली तपासणी झाली तेव्हापासून."

"माह्या लग्नाच्या आधीपासून?"

"हो."

वनमाला पुढं आली. लोकांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती अगदी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिचा आवाज माइकशिवाय साऱ्या विहारात ऐकू गेला.

"पोरगी रातभर ओरडते तवा काय म्हणत होते तुम्ही? तुह्या माहेरचं रक्त नासकं हाय. सात वर्सं म्हणत होते. माह्या बापाले बोलावून त्याच्या तोंडावर म्हटलं. आन तेल चोळत बसले!"

गुरुजी रडायला लागले. म्हातारा माणूस, खिशाला दोन पेनं, माइक हनुवटीशी, आणि रडण्याचा आवाज कर्ण्यातून बाहेर अंगणातल्या पिंपळापर्यंत जात होता. मला कुणी सांगितलं होतं की असं काही पाहिलं की दया येते. मला आली नाही. मी पाहत राहिले. पुढच्या रांगेत, जिथं तेव्हा आमूताई बसली होती, त्या जागेकडं पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडं पाहिलं.

मग त्यांनी अचानक मान वर केली. "पण मी चुकीचं काय केलं?" ते म्हणाले. "आम्रपालीत होतं, माझ्या घरात होतं. लग्न झालं असतं तर त्यांचीही लेकरं अशीच निपजली असती. डॉक्टर, तुम्ही सांगा. मी मोडलं ते बरोबरच झालं ना?"

मॅडम तोवर पोहोचल्या होत्या. त्यांनी गुरुजींच्या हातातून माइक काढून घेतला आणि बंद केला. इतकी वर्षं मी सगळं घोकलं होतं, हा प्रश्न घोकला नव्हता.

अर्धी वस्ती उठून गेली. उरलेली बसून राहिली. वनमालानं खुर्ची ओढली, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "माहं घ्या. हिचंही घ्या." तिच्या मागं एक म्हातारा येऊन उभा राहिला. "गुरुजीच्यात हाय, तं आपल्यात निंगालं तं कोणती लाज?" तो म्हणाला. मग रांग लागली. संध्याकाळपर्यंत आमच्या नळ्या संपल्या.

सामान आवरताना मॅडमनी विचारलं, "माइक त्यांनी मागितला, की तू दिलास?"

"मी दिला."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "पुढच्या गावापासून माइक माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाल्या.

वनमाला मॅडमबरोबर आमच्याच जीपमध्ये पोरीला घेऊन भंडाऱ्याला गेली. सासऱ्याला विचारलं नाही, नवऱ्याला फोन केला नाही. त्या पोरीला औषध सुरू झालं. आज ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गोळ्या घेते, थंडीत जपते, आणि मला मावशी म्हणते. वनमाला त्या घरात परत गेली नाही. धम्मपालला भिलाईत खोली घ्यावी लागली.

मी त्या दिवशी आईकडेच राहिले. दिवेलागणीला गुरुजी आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आई आत निघून गेली. आमूताई मशीनवर बसलेली होती, तिनं पाय थांबवला पण उठली नाही. विहारात काय झालं ते तिला लोकांकडून कळलं होतं. माझ्याशी ती अजून त्यावर बोलली नव्हती.

गुरुजी खाटेच्या कडेला बसले. "आम्रपाली," ते म्हणाले, "मी माफी मागायला आलो."

"कायची?"

"तुझं लग्न मोडलं त्याची."

"लग्न मोडलं ते बरंच झालं, गुरुजी. तुमचंच खरं हाय. दोघांतही होतं. माहीही पोरगी तशीच रडली असती."

गुरुजींच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. माझं डोकं भणाणलं. मी काही बोलणार, तेवढ्यात ताईनं हातातला कपडा बाजूला ठेवला.

"पण तुमी तवा माइकवर म्हणायचं होतं, आम्रपालीत हाय आन माह्यातही हाय. एवढंच. मंग लग्न मोडलं असतं तरी मी एकटी पडली नसती. वस्तीनं मले हात लावला नसता, तं तुमाले तरी लावला असता का? तुमी अध्यक्ष. तुमच्या हातचं तं सगळ्यायनं खाल्लंच असतं. मंग माह्याही हातचं खाल्लं असतं. तुमी माह्या बाजूले येऊन उभं राहायचं होतं. तुमी माह्या मागं लपले."

"आता मी काय करू, सांग."

"माफी कुठं मागून रायले तुमी?"

"इथं. तुझ्यासमोर."

"नाव तं विहारात घेतलं होतं."

गुरुजींना समजलं. "मला पुन्हा माइकवर उभं राहवणार नाही," ते म्हणाले.

"मंग माफी राहू द्या," आमूताई म्हणाली. "जाताना दार ओढून घ्या, कुत्री येतात."

ते गेले. दार ओढून घेतलं. पुढच्या रविवारी ते विहारात आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. अध्यक्ष दुसरा झाला. ताईनं त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही आणि मीही नाही. लोक म्हणतात, क्षमा केली की माणूस हलका होतो. होत असेल. मी त्या दिवशी पुरेशी हलकी झाले होते.

दार लागल्यावर ताईनं मशीनवर कापड झाकलं. माझ्यासमोर पाट ओढून बसली. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता, शाळेतल्या पोरीसारखा.

"रडले म्हणतात," ती म्हणाली.

"हो."

"माइकवर?"

"माइकवर. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं."

"लय रडले का थोडेसे?"

"लय."

"पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. ती मध्येमध्ये थांबवत होती. तवा वनमाला कोणत्या बाजूले होती? कोणती साडी? लोक काय म्हणाले? चष्मा काढला का त्यायनं? आत आईनं भाकरी थापल्या, दोनदा हाका मारल्या, मग गप्प बसली. माझं सांगून झालं तेव्हा आमूताई दोन्ही गुडघ्यांना मिठी मारून डोळे मिटून बसली होती.

"आता पुन्हा एकदा," ती म्हणाली. "आन या वेळी घाई करू नको."